बाळाच्या लसीचे कार्ड

दसरा झाला की आपल्या जालना जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मंठा, परतूर भागातल्या कितीतरी घरांना कुलपे लागतात. माणसे कोल्हापूर-सांगलीकडे जातात. भांडी, अंथरूण, पोरेबाळे सगळे सोबत असते. बाळाच्या लसीचे कार्ड मात्र पुष्कळदा घरीच राहते.

अशीच एक टोळी निघायच्या बेतात होती. एक बाई आम्हांला म्हणाली, "गुरुजी, मागच्या खेपेला सुई टोचली अन् पोरगं रातभर तापलं. आता न्हाई टोचायची. तिकडं कोपीत तापलं तर कोणाला हाक मारू?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. सुईने ताप येतो. लसीत रोगाचे मारलेले किंवा दुबळे केलेले जंतू असतात, नाहीतर त्यांचा अंश असतो. शरीर त्यांना ओळखायला शिकते. शिकताना अंग तापते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो. नर्सबाई सांगतील तेवढेच औषध द्या. बाळाला अंगावर पाजत राहा. सुईच्या जागी बिब्बा, चुना लावू नका. पण झटके आले किंवा बाळ निपचित पडले, तर घरी थांबू नका. दवाखाना गाठा.

तिची सासू म्हणाली, "आमच्या वेळी कुठं होत्या एवढ्या सुया?"

आम्ही बाही वर करून देवीचा वण दाखवला. तसाच वण तिच्याही हातावर होता! ही लस आपल्या देशात प्रथम 1802 साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली. 1975 नंतर भारतात देवीची साथ उरली नाही. 1980 साली देवी जगातून गेल्याचे जाहीर झाले. म्हणून आजच्या पोरांना ती सुई लागत नाही.

गोवर मात्र गेलेला नाही. लोक म्हणतात, गोवर येतो नि जातो. पण त्यात फुप्फुसे सुजतात, हगवण लागते, कधी डोळे जातात. अशक्त पोर दगावते. 2022 साली मुंबई, मालेगाव, भिवंडीत साथ आली, तेव्हा मुले दगावली. गोवर खोकल्यातून पसरतो. तोडणीवर कोपीला कोपी खेटून असते, हे तुम्ही जाणताच.

त्या बाईचे बाळ आठ महिन्यांचे होते. गोवर-रुबेलाची पहिली सुई नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. म्हणजे तारीख तोडणीतच येत होती.

"मग परत आल्यावर देऊ की," ती म्हणाली.

"बाई, तोवर रोग थांबेल का? कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखव. लस तिथेही फुकट मिळते. तारीख हुकली तरी जा. झालेल्या सुया वाया जात नाहीत. राहिल्या तिथून पुढे देतात."

ती आमच्या रात्रीच्या वर्गात येत होती. तिने कार्ड काढले, बोट ठेवून पुढची तारीख वाचली. दोनदा वाचली. मग कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रेशनकार्डाबरोबर पेटीत ठेवले. पेटी दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढली.