भजनात पखवाज कधी हातात घ्यावा?

प्रश्न : मी नुकताच पखवाज शिकू लागलोय. पेठेतल्या मंदिरात एकादशीला भजन असतं. परवा पखवाज घेऊन गेलो, तर बुवा म्हणाले, "आज टाळ घ्या." भजन सगळ्यांसाठी खुलं असतं ना? मग मला डावललं का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : मनाला लावून घेऊ नका. भजनाला कुणीही बसावं, हे खरंच. पण टाळ वीस चालतात, पखवाज बहुधा एकच. लय त्याच्या हातात असते. तो चुकला की सगळं भजन घसरतं. दोन पखवाज एका सुरात मिळवलेले नसले, तर गाणाऱ्याचाही सूर डळमळतो.

टाळ घेऊन पखवाजवाल्यांशेजारी बसा. आठ मात्रांचा भजनी ठेका कुठे साधा ठेवायचा, बुवांच्या कोणत्या खुणेवर दुगुन करायची, हे तिथंच कळतं. ओळख झाली की भजन सुरू होण्याआधी बुवांना आणि वादकांना विचारा, "एखादा संथ अभंग वाजवू का?" संधी मिळाली तर ठेका धरून राहा, परण-तिहाया घरच्या रियाजात. आणि दुसऱ्याच्या पखवाजाची कणीक किंवा गठ्ठे न विचारता हलवू नका. बुवांनी टाळ दिला, म्हणजे मंडळात घेतलंच की तुम्हाला!