उभ्या मोटारीची बॅटरी आणि एअरबॅग

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाला. आज तेथे मोटारीही मोठ्या संख्येने विकल्या जातात, आणि ज्या वर्षी पथकरात निम्मी सूट मिळते त्या वर्षी तर झुंबड उडते. परंतु हिवाळ्यात हौसेने घेतलेली ही गाडी उन्हाळ्याच्या सुटीत दाराशी तशीच उभी राहते. कारण येथील मराठी कुटुंबे मे महिन्यात आपापल्या गावांकडे वळतात. आम्ही मूळचे गोव्याचे, घरी बोलणे कोंकणीत. तेव्हा आमचीही गाडी पाच-सहा आठवडे उभीच असते. एके वर्षी परतलो तो किल्ली फिरवूनही गाडी हूं की चूं करीना.

विद्यार्थिमित्रहो, उभ्या गाडीची वीज जाते कुठे? आम्ही पडलो कलाशाखेचे. म्हणून आमच्या विज्ञानशिक्षक मित्रांस विचारले. त्यांनी फळ्यावर गणितच मांडले. गाडी बंद असली तरी घड्याळ, चोरघंटा आणि आतला संगणक थोडथोडी वीज पीत असतात. समजा, हा प्रवाह ३० मिलिअँपिअर आहे. चोवीस तासांत ०.७२ अँपिअर-तास खर्च झाले. चाळीस दिवसांत २८.८. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर उरले किती ते तुम्हीच पाहा! शिवाय वापर नसतानाही बॅटरी आतल्या आत झिजते, आणि उष्णतेने ही झीज वाढते. ग्वाल्हेरचा मे-जूनचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हे येथील मुलांस सांगावयास नको.

ही बॅटरी म्हणजे १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेल्या शिसे-आम्ल विद्युतघटाचीच संतती. तिच्यात सहा घट असतात आणि प्रत्येकाचा दाब साधारण २ व्होल्ट. म्हणून ती १२ व्होल्टची. वीज संपली की शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचा थर बसतो. लगेच वीज भरली तर तो विरघळतो. तशीच पडू दिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात, आणि मग कितीही वीज भरा, बॅटरी पूर्वीसारखी होत नाही. आमची तशीच गेली.

पुढल्या वर्षी आम्ही शहाणे झालो, निदान तसे वाटले. निघण्याच्या दिवशी पाना घेऊन लाल रंगाच्या धन टोकापासून आरंभ केला. पान्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्यास लागले आणि डोळ्यांपुढे ठिणग्यांचा वर्षाव झाला! पान्यावरचा तो डाग अजून आहे. कारण साधे होते. गाडीचा सारा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेला असतो. पान्याने धन टोक आणि सांगाडा यांची थेट गाठ घातली. म्हणून आधी किल्ली काढावी, मग ऋण टोक सोडावे, आणि हवे असल्यास त्यानंतर धन. जोडताना क्रम उलट: धन आधी, ऋण शेवटी. वीज भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी ओढू नये हे ओघाने आलेच.

एका शेजाऱ्यांनी आम्हांस भीती घातली होती, की बॅटरी काढल्याने एअरबॅग फुटते. तसे नाही. एअरबॅग फुगविण्यासाठी तिच्या ठिणगीयंत्रास वीज मिळावी लागते. मग आतील रासायनिक द्रव्य पेटून वायू होतो आणि पापणी लवण्याच्या आत पिशवी फुगते. मात्र अपघातात बॅटरीच तुटली तरी ती फुगावी, म्हणून यंत्रणेत थोडी वीज साठवून ठेवलेली असते. स्टिअरिंग उघडावयाचे झाल्यास बॅटरी सोडल्यावर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबणे त्यासाठीच आवश्यक असते. ते काम आपले नव्हे, जाणत्या मिस्त्रीचे.

गेल्या वर्षी म्हापशाहून धाकट्या भावाचा फोन आला. भंगारातील गाडीची एअरबॅग स्वस्तात मिळत होती. ती पार्सलाने पाठवितो, म्हणाला. सुटी एअरबॅग ही काही उशी नव्हे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत तिला ३२६८ क्रमांकाखाली, नवव्या वर्गातील धोक्याचा माल म्हणून नोंदवितात. ठराविक वेष्टन व लेखी जाहीरनामा यांवाचून ती पाठवू नये. गाडीत बसविलेली असताना ही बाब वेगळी नोंदवावी लागत नाही. तरी भावास पटेना. तेव्हा आम्ही ताकाता या जपानी कंपनीची कथा सांगितली. तिच्या एअरबॅगांतील अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडे, आणि फुटताना धातूचे तुकडे माणसांवर उडत. माणसे दगावली, जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भंगारातली पिशवी किती पावसाळे खाऊन आली, हे गोव्याच्या माणसाने तरी विचारावयास हवे होते.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ती आधीच घरी आणून माजघरात, मुलांच्या खेळण्यांशेजारी ठेवली आहे. आम्ही त्यास सांगितले, की मुलांना दूर ठेव, तिच्या तारांस हात लावू नकोस, मऊ आवरणाची बाजू वर राहू दे, आणि आजच गाडीच्या कंपनीच्या कार्यशाळेस विचार. त्या संध्याकाळी कार्यशाळेचा माणूस येऊन ती घेऊन गेला.