होडीचा पंखा

आमचे गाव खाडीच्या काठी आहे. पूर्वी आम्ही वल्ह्यांवर आणि शिडावर होडी चालवीत असू. मग चौघांनी मिळून पैसे जमवले आणि १५ अश्वशक्तीचे इंजिन घेतले. हे इंजिन होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात. खाली पाण्यात त्याचा पंखा फिरतो आणि होडी पुढे जाते.

पहिल्या दिवशी दोघांनी रिकामी होडी फिरवून आणली. होडी बाणासारखी गेली. आम्ही खूश झालो.

आठ दिवसांनी पाच माणसे, जाळी, बर्फ आणि मासळी घेऊन आम्ही परत येत होतो. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ होती. वारा समोरून होता. इंजिनाची मूठ पुरी पिळली, तरी ते नुसते कण्हत राहिले. होडी पुढे सरकेना. लाटांचे पाणी आत येऊ लागले. शेवटी नांगर टाकला आणि भरती लागेपर्यंत पाणी उपसत बसलो. जीव वाचले, मासळी नासली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रींना बोलावले.

"मिस्त्री, इंजिन खराब निघालं," आम्ही म्हणालो.

मिस्त्रींनी पंखा पाहिला. मग विचारले, "तांडेल, होडीत भार किती घेता?"

आम्ही सांगितला.

"मग इंजिनात खोट नाही. पंखा तुमच्या भाराचा नाही."

ही गोष्ट नीट समजून घेऊ या.

पंख्याच्या मधल्या तुंब्यावर बहुधा दोन आकडे असतात. आमच्या पंख्यावर ९¼ × ११ असे होते. पहिला आकडा रुंदीचा. पाती फिरली की गोल होतो. तो गोल या काठापासून त्या काठापर्यंत ९¼ इंच आहे.

दुसरा आकडा पिचचा. स्क्रू लाकडात पिळला तर एका फेऱ्यात थोडा आत जातो. पंखाही पाण्यात तसाच पुढे जातो. पिच ११ म्हणजे एका फेऱ्यात ११ इंच. पण पाणी लाकडासारखे घट्ट नाही. पंखा त्यात थोडा घसरतो. म्हणून होडी त्याहून कमीच पुढे जाते.

पिच म्हणजे पंख्याचे पाऊल समजा. रिकामा माणूस लांब टांगा टाकतो. डोक्यावर पोते असले की तोच माणूस पावले आखूड टाकतो. होडीचेही तसेच. हलक्या होडीला मोठी पिच चालते. भरलेल्या होडीला लहान पिच लागते. मोठा आकडा म्हणजे जास्त जोर, असे आम्हाला वाटत होते. ती आमची चूक होती.

पंखा बरोबर आहे की नाही, हे कसे ओळखावे? इंजिनाच्या पुस्तकात एका मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. आमच्या पुस्तकात ५,००० ते ६,००० आहेत. मूठ पुरी पिळल्यावर इंजिनाचे फेरे या दोन आकड्यांच्या मध्ये आले पाहिजेत.

मिस्त्रींनी फेरे मोजायचे यंत्र लावले. आम्ही रोजचा भार होडीत भरला आणि शांत पाण्यात गेलो. फेरे भरले ४,८००. म्हणजे कमी. जास्त भरलेल्या गाडीला जुंपलेला बैल जसा दमतो, तसे इंजिन दमत होते. अशा वेळी तेल जास्त जळते, इंजिन तापते आणि लवकर झिजते.

पिच १ इंचाने कमी केली, तर फेरे साधारण २०० ने वाढतात. आम्ही ११ च्या जागी ९ पिचचा पंखा घेतला. फेरे ५,२०० झाले. मग रिकामी होडीही चालवून पाहिली. तेव्हा फेरे ६,००० च्या वर गेले नाहीत. हेही पाहावेच लागते. पिच फार लहान झाली तर इंजिन नुसते भरधाव फिरते आणि बिघडते.

आता रिकामी होडी पूर्वीइतकी पळत नाही. पण भरलेली होडी ओहोटीतही घरी येते. आम्हाला तेच हवे होते.

ध्यानात ठेवा :

१. पंखा घेताना इंजिनाचे पुस्तक बरोबर न्या. होडीची लांबी आणि रोजचा भार दुकानदाराला सांगा.

२. पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करा आणि प्लगची तार काढा.

३. पाते वाकले असेल तर पंखा दुरुस्त करून घ्या. वाकड्या पंख्याने इंजिन थरथरते.

४. पंख्यामागे जाळ्याचा दोरा गुंडाळला आहे का, ते पाहत जा. दोरा आतले सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते.

तुमच्या पंख्यावर कोणते आकडे आहेत? उद्या वाचून पाहा आणि वहीत लिहून ठेवा.