गाडी गल्लीत उभी असतानाच कागद मागा

ती कुत्री माझी नव्हती. हे आधी लिहिते, कारण क्षेत्रीय कार्यालयातल्या प्रत्येक टेबलावर मला पहिला प्रश्न हाच आला, "मॅडम, तुमची आहेत का?" नाहीत. गल्लीची आहेत. आणि गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी, रेबीजची लस, पकडणं आणि परत आणून सोडणं ही जबाबदारी महापालिकेची आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ते स्वच्छ लिहिलंय. कुत्री हटवायचा अधिकार सोसायटीला नाही, नगरसेवकाला नाही, आणि जाळी घेऊन येणाऱ्या ठेकेदार संस्थेला तर मुळीच नाही. ती पालिकेच्या वतीने काम करते, एवढंच.

आमच्याकडच्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी झालेली होती. कानाला तशी खाच होती. दरवर्षीची लस मी पदरचे पैसे घालून टोचून घेत होते. तरी रात्री भुंकतात म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी पालिकेत फोन केला आणि भर दुपारी, मी बँकेत गेलेली असताना, गाडी आली. वॉचमन म्हणाला, "काकू, राणीलापण नेली." राणी म्हातारी होती, तिला नीट दिसतही नव्हतं. सेक्रेटरींना विचारलं तर, "नसबंदीला नेलीत, आणून सोडतील." ज्यांची झालीय त्यांची पुन्हा कशी करणार, असं विचारल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. शेजारी राहूनही ते आजतागायत माझ्याशी बोललेले नाहीत.

कुत्री परत आलीच नाहीत. मी फोनवर केलेल्या तक्रारीवर "निकाली काढली" असा संदेश आला. पशुवैद्यकीय अधिकारी कायम साइटवर असायचे. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर महिन्याभराने एका ओळीचं उत्तर: माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. हे वाक्य ज्यांनी वाचलंय त्यांना माझा संताप समजेल. मग माझ्या भाच्याने सुचवलं, "मावशी, माहिती मागू नकोस, नोंदवही बघायला माग." अवलोकनाचा हक्क त्याच कायद्यात आहे. तो अर्ज मात्र त्यांना नाकारता आला नाही.

नसबंदी केंद्रावर लोखंडी टेबलावर वही ठेवून कारकून समोर बसून राहिला. आमच्या तारखेचं पान निघालं. गल्लीचं नाव होतं, नर-मादी लिहिलेलं होतं, रंग होते. कॉलर क्रमांकाचा रकाना रिकामा. आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक कुत्र्यापुढे, वरपासून खालपर्यंत, एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेलं: "त्याच ठिकाणी सोडले." खाली सही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे कागदावर राणी आमच्या गल्लीत होती. मी रोज संध्याकाळी रिकाम्या कोपऱ्यात उभी राहत होते आणि पालिकेच्या लेखी ती तिथेच होती. त्या क्षणी मला कळलं की इथून पुढे खोटं मी बोलतेय असं ठरणार आहे. कारकुनाला म्हटलं, हे खरं नाही. तो म्हणाला, "मॅडम, कुत्री आहेत, जातात कुठेतरी." त्या वहीची प्रत मी पैसे भरून, शिक्का मारून घेतली.

पुढचं व्हायचं तेच झालं. जागा मोकळी झाली की आजूबाजूची कुत्री आत शिरतात. मंडईकडून नवी टोळी आली, ना नसबंदी, ना लस. त्यातल्या एकाने दूध टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीला चावा घेतला. त्याची आई जखमेत हळद भरत होती. तिला थांबवून नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायला लावली आणि पोराला सरकारी दवाखान्यात नेलं; रक्त आलेलं होतं म्हणून लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यायला सांगितलं. लशीचे सगळे डोस पूर्ण करा, मधला चुकवू नका. आणि सोसायटीच्या सभेत ठपका कोणावर? माझ्यावर. "तुम्ही खायला घालता म्हणून येतात."

तर ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहिते. आपल्या गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचा, कानाची खाच दिसेल असा, तारखेसह फोटो आजच काढून ठेवा. गाडी आली की जाळीसमोर भांडू नका. कोणाच्या तक्रारीवरून आलात, हे विचारा. प्रत्येक कुत्र्याला क्रमांकाची कॉलर केंद्रावर पोचल्यावर घालायची असते, ते क्रमांक तिथून लिहून घ्या. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या. तुम्ही घरी नसाल तर हे वॉचमनला शिकवून ठेवा. आठवड्यात कुत्री परत आली नाहीत, तर फोनवर विसंबू नका. लेखी पत्र द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या राज्यात एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आणि नोंदवहीचं अवलोकन व प्रत मागा. संयम ठेवा, ओळखीचं कोणी असेल तर मदत घ्या.

खायला घालण्यावरून वाद असेल तर जागा आणि वेळ लेखी ठरवून घ्या, मुलं खेळतात तिथून आणि जिना-फाटकापासून लांब. सोसायटीशी जमत नसेल, तर प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पालिका आणि पोलिसांचे प्रतिनिधी असलेली समिती निर्णय देते. सेक्रेटरी देत नाही.

आणि एक. सर्वोच्च न्यायालयाने आता सगळी कुत्री उचलायला सांगितलीत, असं कोणी तोंडावर फेकलं, तर आदेश वाचून दाखवा. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच भागात परत सोडायचं आहे. अपवाद रेबीज झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. परत न सोडण्याचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारासाठी आहे. आमची गल्ली त्यातली कोणतीच नाही.

मंडईकडून आलेल्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी मी लेखी अर्ज दिला आहे. पोच माझ्याकडे आहे, गाडी अजून आलेली नाही.