विमानविद्येचे जाणते

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथील नारपोलीच्या एखाद्या कारखान्यात डोकावून पाहा. मागांचा खडखडाट चाललेला असतो आणि छताला टांगलेले पंखे वेगाने फिरत असतात. पंखा थांबला की मात्र एक नवल दिसते. पात्यांवर सुताच्या बारीक तंतूंचा आणि धुळीचा जाड थर बसलेला असतो. जे पाते दिवसभर वारा कापीत होते, त्यावरची धूळ त्याच वाऱ्याने उडून का बरे गेली नाही?

याचे कारण असे की, पात्याला अगदी लगटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीने ती जणू स्थिरच असते. पात्यापासून थोडे दूर गेले की हवेचा वेग झपाट्याने बदलू लागतो. या पातळ थराला शास्त्रज्ञ सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रान्टल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली या थराचे महत्त्व जगापुढे मांडले. विमानाच्या पंखाला हवेचा अडथळा किती होईल, आणि पंखावरून वाहणारा प्रवाह कोठे त्याची संगत सोडील, हे या थरावर अवलंबून असते, असे त्याने दाखवून दिले. पंख्यावरची धूळ आपण सारेच पाहतो. तिच्यामागचा नियम शोधावयास प्रान्टलसारखा द्रष्टा लागतो.

या प्रान्टलकडे वायुगतिशास्त्राचे अध्ययन करण्यासाठी १९३० नंतरच्या दशकात एक मराठी तरुण गटिंगेन येथे गेला. त्याचे नाव विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचे खेडे आहे. तेथे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी घाटगे यांचा जन्म झाला. राइट बंधूंचे विमान पहिल्यांदा आकाशात उडाले ते १९०३ च्या डिसेंबरात. म्हणजे घाटगे जन्मले तेव्हा विमानविद्येचे वय पुरते पाच वर्षांचेही नव्हते. विमान दृष्टीस पडणेही दुर्मीळ, अशा त्या काळात खेड्यातल्या मुलाने विमानाचे शास्त्र शिकण्यासाठी परदेशी जावे, हे आज वाटते तितके साधे नव्हते. प्रान्टलच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकलेला हा पहिला भारतीय विद्यार्थी. डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले.

पण ही विद्या वापरावयाची कोठे? त्या वेळी आपल्या देशात विमाने बनविणारा एकही कारखाना नव्हता. सोलापूरचे सुपुत्र, उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली, तेव्हा ही उणीव दूर झाली. घाटगे तेथे रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९४१ मध्ये, त्यांच्या आराखड्यानुसार दहा आसनांचे एक ग्लायडर तयार झाले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले, हवेवर तरंगत जाणारे विमान. १९४२ साली बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि त्याची घडी बसविणाऱ्यांत घाटगे अग्रभागी होते. शास्त्र शिकविणारे आणि यंत्र घडविणारे असे दोन प्रकारचे लोक आपण नेहमी पाहतो. दोन्ही कामे सारख्याच अधिकाराने करणारे थोडे. घाटगे त्या थोड्यांपैकी होते.

त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे ‘एच. टी. २’ हे विमान. भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले, इंजिनावर चालणारे हे पहिले विमान होय. १९५१ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम आकाशात नेले. एकामागे एक अशी दोन आसने असलेले हे छोटे विमान नवशिक्या वैमानिकांसाठी होते. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांतील काही आफ्रिकेतील घाना देशासही देण्यात आली.

नवशिक्यांचे विमान म्हटले की ते सोपे असेल, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मुरलेला वैमानिक विमानाचे दोष सांभाळून घेतो. शिकाऊ वैमानिकाचे दोष मात्र विमानाने सांभाळावे लागतात. समजा, शिकणाऱ्या तरुणाने विमानाचे नाक वाजवीपेक्षा अधिक वर उचलले. मग पंखावरून वाहणारा हवेचा प्रवाह पंखाची संगत सोडतो. (प्रान्टलने सांगितले ते हेच!) पंखाला उचलून धरणारी शक्ती एकदम ढासळते. अशा वेळी एक पंख दुसऱ्याच्या आधी खचला, तर विमान गिरक्या घेत खाली कोसळू लागते. वैमानिकाने योग्य उपाय करताच विमान त्या गिरकीतून बाहेर आले पाहिजे. शेपटीचा आकार, पंखाचा घाट, वजनाची वाटणी या साऱ्यांचा हिशेब आराखडा काढणाऱ्याने आधीच केलेला असावा लागतो. कागदावरची एक रेघ चुकली, तर तिची किंमत वीस वर्षांच्या कोवळ्या पोराला मोजावी लागेल, हे भान ठेवूनच त्याला पेन्सिल हाती धरावी लागते.

पुढे ‘पुष्पक’ आणि ‘कृषक’ ही हलकी विमाने बंगळुरास निर्माण झाली. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान उडाले. त्याच्या आराखड्याचे नेतृत्व घाटगे यांच्याकडेच होते. १९६५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

विमानविद्येच्या जाणत्याला वर्ग आणि कारखाना यांखेरीज आणखी एका ठिकाणी आपली विद्या पणास लावावी लागते. ते ठिकाण म्हणजे न्यायासन. विमान कोसळले, माणसे दगावली, की असे का झाले हा प्रश्न चौकशीत उभा राहतो. चौकशी करणारे न्यायाधीश कायद्याचे पंडित असतात. पोलाद कसे तुटते हे त्यांना कोण सांगणार? म्हणून तज्ज्ञाला बोलावतात. सामान्य साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावयाचे असते. तज्ज्ञ अपघाताच्या जागी नसतोच, तरीही त्याला आपले मत सांगण्याची मुभा असते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ही तरतूद होती. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. मात्र त्या मताला आधार काय, असे वकील उलटतपासणीत खोदून खोदून विचारतात. तेथे पदवी कामास येत नाही, पुरावा येतो.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान कॅनडाहून लंडनकडे येत होते. तेथून दिल्लीमार्गे ते मुंबईस पोहोचावयाचे होते. आयर्लंडजवळ, समुद्रावर एकतीस हजार फुटांच्या उंचीवर असताना ते एकाएकी नाहीसे झाले. ३२९ माणसे प्राणास मुकली. वैमानिकाकडून संकटाचा एक शब्दही आला नाही. विमानात ध्वनिमुद्रण करणारे एक आणि उंची, वेग इत्यादींची नोंद ठेवणारे एक, अशी दोन यंत्रे असतात. सुमारे दोन किलोमीटर खोल समुद्राच्या तळावरून दूरनियंत्रित यंत्राने ती दोन्ही वर काढण्यात आली आणि तपासणीसाठी मुंबईस आणली गेली.

दोन्ही नोंदी एकाच क्षणी तुटलेल्या होत्या. ध्वनिफितीच्या अखेरीस सेकंदाच्या लहानशा अंशापुरता एक आवाज होता. तो कशाचा? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील श्री. शेषाद्री यांनी त्या आवाजाचे पृथक्करण केले आणि तो स्फोटाचा आहे, असे मत दिले. ब्रिटनच्या तज्ज्ञाने तोच आवाज अभ्यासला. स्फोटकाची खूण त्यात दिसत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. दोघेही जाणते, दोघेही प्रामाणिक, आणि निष्कर्ष भिन्न! असे घडले की पुष्कळांना वाटते, शास्त्र खोटे. पण सेकंदाचा अंशच हाती असेल, तर तो अंश जितके सांगेल तितकेच तज्ज्ञाने सांगावे.

चौकशी करणारे न्यायमूर्ती भूपिंदर नाथ किरपाल केवळ आवाजावर विसंबले नाहीत. समुद्रातून काढलेले धातूचे तुकडे तुर्भ्याच्या आणि बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतील धातुतज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. पत्रा नुसता फाटला, तर त्याच्या कडा एका तऱ्हेच्या असतात. प्रचंड वेगाने आलेल्या कणाने तो भेदला, तर भोकाच्या कडा फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे वळतात. सामान ठेवण्याच्या पुढील कोठाराच्या काही तुकड्यांवर अशा पाकळ्या आढळल्या. हसूरचंपूचा मुलगा गटिंगेनला गेला, तेव्हा असा पत्रा पाहून सांगणारी प्रयोगशाळा आपल्या देशात नव्हती. पन्नास वर्षांनी न्यायमूर्तींपुढे उभे राहणारे तज्ज्ञ मुंबई-बंगळुरातच मिळाले.

२६ फेब्रुवारी १९८६ रोजी किरपाल यांनी अहवाल दिला. पुढील कोठारात ठेवलेल्या बाँबच्या स्फोटाने विमान नष्ट झाले, असा त्यांचा निर्णय होता. आवाजाविषयी ब्रिटनच्या तज्ज्ञाने दिलेले विरुद्ध मतही त्याच अहवालात, त्याच्या कारणांसह, नोंदविलेले आहे.