मधला बर्थ किती वाजता लावायचा?

प्रश्न : रात्रीच्या गाडीने कोल्हापूरहून मुंबईला निघाले होते. माझा बर्थ खालचा. मधल्या बर्थवाल्या काकांनी नऊलाच बर्थ लावला. मान वाकवून जेवावं लागलं. नियम काय?

उत्तर : झोपायची अधिकृत वेळ रात्री १० ते सकाळी ६. पूर्वी ती ९ पासून होती, २०१७ मध्ये बदलली. काकांच्या डोक्यात बहुधा जुनीच वेळ असावी. या वेळेबाहेर खालच्या बाकावर तिघांचाही बसण्याचा हक्क असतो. मात्र दहा वाजले की तुम्हालाही 'अजून गप्पा संपायच्यात' म्हणत त्यांना ताटकळत ठेवता येणार नाही. साइड लोअरचंही तसंच : दिवसा वरचा प्रवासी तिथे बसू शकतो, रात्री नाही. आजारी, अपंग किंवा गरोदर प्रवासी असेल तर वेळेआधी झोपू द्यावं, असं रेल्वेच सांगते. मी तर त्यात गुडघे धरलेली म्हातारी माणसंही धरेन.

काकांना आधी डबा दाखवा : 'जेवण झालं की लगेच लावू.' बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकलं तर टीसीला बोलवा किंवा १३९ वर फोन करा. पीएनआर हाताशी ठेवा.