सुबिकला परत जाताना

दापोली, फेब्रुवारी २०२२

चि. मुक्ता,

शिडाच्या होड्यांची ती जगप्रदक्षिणेची क्लिपर शर्यत मार्चमध्ये फिलिपिन्समधल्या सुबिक बेहून पुन्हा सुरू होते आहे आणि तुझी रजाही मंजूर झाली, हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या आईची समजूत मी घालीन, ती काळजी करू नकोस. मात्र तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. 'माझा हिसकावून घेतलेला अर्धा प्रवास वसूल करायला चालले आहे,' असं तू लिहिलं आहेस. हे मन घेऊन होडीवर चढू नकोस.

तुझा राग मला कळतो. २०१९ च्या सप्टेंबरात लंडनहून निघालेल्या त्या अकरा होड्या ऑस्ट्रेलियापर्यंत आल्या, तिथे तू चढलीस. कोविडच्या साथीमुळे चीनमधले थांबे रद्द झाले, होड्या फिलिपिन्सकडे वळवल्या गेल्या आणि १७ मार्च २०२० पासून लुझॉन बेटावर कडक टाळेबंदी लागली. समोर आख्खा पॅसिफिक, आणि तुम्हाला मिळेल ते विमान धरून घरी परतायला सांगितलं. कितीतरी वर्षं पैसे साठवून निघालेल्या माणसाला ते लागणारच. पण तो निर्णय योग्य होता, हे मी दर्यावर आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो. उत्तर पॅसिफिकमध्ये तीन-चार आठवडे जमीन दिसत नाही. पलीकडचं बंदर उतरू देईल की नाही याची खात्री नसताना, कुणी तापानं फणफणलं तर काय करायचं हे ठाऊक नसताना, वीस माणसांना त्या पाण्यात नेणारा नाखवा मी कधीच चांगला मानला नसता.

आणखी एक लक्षात ठेव. त्याच वर्षी व्यापारी जहाजांवर चार लाखांच्या आसपास माणसं करार संपूनही अडकली होती. अकरा महिन्यांहून अधिक काळ कुणाला सलग जहाजावर ठेवू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो ओलांडून कित्येकजण वर्षाहून जास्त काळ राबत राहिले. बंदर नजरेसमोर असायचं, पण पाय टेकवायची परवानगी नसायची. त्यांत आपल्या कोकणातली पोरंही होती. तुला उतरायला लावलं आणि त्यांना उतरू दिलं नाही. तू परतलीस आणि थेट इस्पितळाच्या वॉर्डात कामाला उभी राहिलीस. तिथल्या सामानातलं कितीतरी अशाच लोकांनी वाहून आणलं होतं. तुझं दुःख लहान आहे असं मी म्हणत नाही. सुबिकला पोचशील तेव्हा बंदरात उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांकडेही नीट बघ, एवढंच.

मध्येच थांबलेल्या प्रवासाचं म्हणशील तर, तुमच्या शर्यतीचे संस्थापक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' ही ३२ फुटांची होडी आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. १९६५ मध्ये ते ती घेऊन इंग्लंडला निघाले आणि पैसे संपल्यामुळे दक्षिण आफ्रिकेत थांबले. घरी पोचायला १९६७ उजाडलं. पुढे १९६८-६९ मध्ये एका शर्यतीत त्याच होडीतून त्यांनी एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले, आणि त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी ती पूर्ण करणारेही ते एकटेच. मुंबईहून निघालेला तो प्रवास मध्येच थांबला म्हणून तो माणूस कुठे उणा पडला असं मला तरी दिसत नाही.

आता कामाचं. सुबिक ते सिॲटल हा नवा प्रवास आहे असं धरून चाल. हर्णैला पावसाळ्यात ओढून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात घालताना तांडेल गेल्या वर्षीच्या भरवशावर राहत नाही, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवतो. तुमच्या होड्या तर दोन वर्षं उष्ण, दमट हवेत उभ्या आहेत. त्यांची देखभाल झाली असेल, तरीही आपल्या डोळ्यांनी बघ. दोरखंड वरून धडधाकट दिसतो, उन्हानं त्याचे तंतू ठिसूळ झालेले असतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा टोकाच्या पकडीत आतून गंजतात, तिथे भिंग लावून तडे शोध. शिडांची शिवण बोटांनी ताणून बघ. विंच उघडून साफ केले का, तळाच्या झडपा पूर्ण उघडतात-मिटतात का, हे विचार. विचारायला संकोचू नकोस, नाखव्याला असे प्रश्न आवडतात.

सगळ्यांत महत्त्वाचं, तुला होडीशी बांधून ठेवणाऱ्या सुरक्षा-पट्ट्याचं. याच शर्यतीत, याच उत्तर पॅसिफिकमध्ये २०१६ साली एक बाई लाटेबरोबर वाहून गेली. त्या क्षणी तिचा पट्टा होडीला अडकवलेला नव्हता. पुढच्याच वर्षी दक्षिण महासागरात एकाचा पट्टा अडकवलेला होता, पण त्याचा हूक डेकवरच्या खुंटीखाली अडकून वाकला आणि निसटला. दोघंही गेले. म्हणून जिना चढून डोकं वर काढण्याआधी पट्टा अडकव, आणि अडकवल्यावर हूक मोकळा फिरतो आहे ना, हे प्रत्येक वेळी बघ. थंडीनं बोटं बधिर होतील तेव्हाही बघ. हे तुझ्या आईला सांगू नकोस.

तुझ्या हातांना गाठी आठवतील, पण हात मऊ झालेत आणि डोळ्यांना रात्रीची सवय उरलेली नाही. पहिले तीन दिवस मळमळ होईल, थोडं थोडं खात राहा. जुन्यांपैकी काही येणार नाहीत, त्यांच्या जागी नवे असतील. 'तेव्हा आम्ही असं करायचो' हे वाक्य त्यांच्यासमोर शक्यतो तोंडातून काढू नकोस. ते बिचारे पहिल्यांदाच निघालेत आणि त्यांना तुझ्या २०२० शी काही घेणंदेणं नाही.

तारखेची रेषा पूर्वेकडे ओलांडताना तुम्हाला एकच तारीख दोनदा मिळेल. त्या दोन्ही दिवसांची नोंद वेगवेगळी ठेव.

सुबिकला गेल्यावर डोलकाठीवर कोण चढलं आणि कुठल्या तारा बदलल्या ते कळव. फोनवर सांगितलंस तरी चालेल, पण त्याआधी स्वतः वर जाऊन बघून ये.

तुझा,
नाना मामा